दोन्हीकडून उघडणारी वही

आमच्या घरात एक वही होती, तिला पहिली पानं दोन. डावीकडून उघडली की माझं इंग्रजी, उजवीकडून उघडली की आबांचं. आबा म्हणजे माझे वडील. जन्मभर उर्दूत लिहिलेला माणूस. वही उजवीकडूनच उघडायची असते, हे त्यांच्या हाताला ठाऊक. मी पहिल्याच दिवशी म्हटलं, "आबा, इंग्रजी इकडून लिहितेत." तर म्हणाले, "असू दे बाई. तू तिकून ये, मी इकून येतो. मधी भेटू."

तेव्हा आम्ही जिंतूरला होतो. निजामाचं राज्य जाऊन दोन-तीन वर्षं झाली होती. आबा कचेरीत पेशकार, म्हणजे साहेबापुढे एकेका कामाची मिसल, कागदांची फाईल, मांडून वाचून दाखवणारे. त्यांचं उर्दू अक्षर असं देखणं, की लोक नुसतं बघायला कागद मागायचे. पण नवे साहेब परमुलखातले. उर्दू त्यांना येत नव्हतं. इंग्रजीची परीक्षा पास व्हा नाहीतर पेशकारी सोडा, असा हुकूम आला. आबा तेव्हा अठ्ठेचाळीस वर्षांचे. मी शाळेत जेमतेम इंग्रजीचं दुसरं पुस्तक वाचणारी, ती त्यांची मास्तरीण झाले.

रोज सकाळी अंघोळ करून, टोपी घालून आबा माझ्यापुढे मांडी घालून बसायचे. घरातल्या घरात टोपी कशाला, असं आईनं विचारलं. आबा म्हणाले, "उस्तादापुढं उघड्या डोक्यानं बसत न्हाईत." मला तेव्हा फार हसू आलं होतं.

हे कौतुक महिनाभर टिकलं. मी मुळात तापट. गाईला चार पाय असतात, एवढं एक वाक्य आठ दिवस चाललं. सकाळी पाठ, संध्याकाळी सपाट. आबा परभणीला जाऊन परीक्षा देऊन आले, नापास झाले. पुन्हा गेले, पुन्हा नापास. शाळेत माझेही इंग्रजीत दिवेच होते, मलाही त्या भाषेचा वीट आला होता. पण राग निघाला तो त्यांच्यावर. तिसरी परीक्षा जवळ आली असताना एका सकाळी ते परत त्या गाईपाशीच अडले आणि मी वही आपटली.

"पालथ्या घड्यावर पाणी! तुमच्याच्यानं व्हायचं न्हाई आबा."

आई मला मारायला धावली. आबांनी तिला हातानं थांबवलं. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि तिला म्हणाले, "पोरगी थकली गं. लय तरास द्यायलोय मी तिला."

त्यानंतर ते माझ्यापुढे कधी बसले नाहीत. तिसऱ्या परीक्षेला गेलेच नाहीत. पेशकारी गेली. जुन्या उर्दू मिसली ठेवलेल्या खोलीत त्यांना बसवलं. तिथं दिवसचे दिवस कुणी फिरकत नसे. त्याच साली माझं लग्न ठरलं, शाळा सुटली. इंग्रजीतून दोघंही सुटलो, असं मला वाटलं, आणि बरं वाटलं. ते बरं वाटणं मला अजून छळतं.

दोन वर्षांनी आबा चार दिवसांच्या तापानं गेले. तेरावा झाल्यावर आईनं मला त्यांची पेटी आवरायला सांगितलं. टोपीखाली वही होती. आधी मी माझ्या बाजूनं उघडली. माझी पानं पंधरा-वीस, त्याच्यापुढं मी नव्हतेच. मग उजवीकडून उघडली. एकेक पान उलटत गेले. आबा थांबलेच नव्हते. सुरुवातीला अक्षर थरथरतं, मग हळूहळू ओळीवर बसलेलं. वहीचा मध्य त्यांनी कधीच ओलांडला होता. मी येत नाही म्हटल्यावर माझ्या वाटणीची पानंही तेच चालत आले होते, थेट माझ्या शेवटच्या पानाला लागेपर्यंत.

तिथं इंग्रजीत एकच वाक्य होतं. पुस्तकात नसलेलं, त्यांनी स्वतः जुळवलेलं. माझी मुलगी मला इंग्रजी शिकवते.

खाली तारीख घातली होती, ताप यायच्या आदल्या आठवड्यातली. मी त्यांना शिकवणं सोडून तेव्हा दोन वर्षं झाली होती.