अभ्यासाच्या कारणावरून

स्वरदा नेवे वाया गेलेली मुलगी नव्हती, हे आधीच सांगून टाकते. बारावीतली मुलगी अभ्यास करत नाही म्हटलं की लोक लगेच मुलगा शोधतात, संगत शोधतात, नाहीतर मोबाइलच्या नावाने खडे फोडतात. मुलगा कुणी नव्हता. संगत म्हणाल तर जिच्या गळ्यात गळे घालून ही दहावीपर्यंत फिरली, ती आर्या अकरावीलाच कोचिंगसाठी कोटा शहरातल्या होस्टेलात जाऊन बसली होती आणि आता महिन्यातून एकदा 'जिंदा है?' एवढंच विचारायची. मोबाइल मात्र होता. पण त्यात ही पोरगी काय बघत बसायची ते ऐकलंत तर हसावं की रडावं कळणार नाही. येते त्यावर.

घर तिकडे उत्तरेत, हिंदी मुलखात, मानक नगरच्या रेल्वे कॉलनीत, पहिल्या मजल्यावर. वडील विश्वास नेवे मूळ जळगावचे, रेल्वेच्या संशोधन कार्यालयात इंजिनियर. ब्रेक तपासायचं काम. ते काम त्यांच्या हाडात इतकं मुरलेलं की घरी आल्यावरही माणूस तपासतच राही. कुणी खोलीतून बाहेर पडलं की मागोमाग जाऊन दिवा बंद करायचे. डाळीचा पहिला घास घेतला की निकाल लागायचा, "मीठ अर्धा चमचा जास्त." भांडण नाही, आवाज नाही. फक्त निकाल. स्वरदाला त्याचं काही वाटत नसे, कारण तिच्याबाबतीत हाच माणूस देवमाणूस होता. रात्रीचं जेवण झालं की वही घेऊन तिच्याशेजारी बसायचा आणि फिजिक्सचं गणित सुटेपर्यंत उठायचा नाही. दहावीला एक्क्याण्णव टक्के उगाच नाही पडले.

आणि जूनमध्ये बदली आली. गुवाहाटी! आता मुलगी बारावीत, शाळा इथली, कोचिंग आलमबागेत, पैसे भरून झालेले. रेल्वेत याला तोड आहे. बदली झाली तरी मुलांच्या शिक्षणासाठी सत्र संपेपर्यंत क्वार्टर ठेवता येतं, तसा अर्ज करायचा, शाळेचा दाखला जोडायचा. विश्वासरावांनी दहा मिनिटांत ठरवलं आणि अर्ज लिहिला, 'मुलीच्या बारावीच्या अभ्यासाच्या कारणावरून'. दाखला स्वरदानेच शाळेतून आणला. पद्मा, म्हणजे तिची आई, तेव्हा चहाचे कप विसळत होती. ती म्हणाली, "मार्चपर्यंत काढू आम्ही दोघी." झालं. बाप दोन सुटकेस घेऊन गेला आणि ते सगळं घर त्या पोरीच्या अभ्यासावर उभं राहिलं.

आणि अभ्यास गेला ऑगस्टात.

कसा गेला, हे तिलाही धड सांगता आलं नसतं. भांडून गेला नाही, आजारपणात गेला नाही. एका दुपारी ती पुस्तक उघडून बसली, पान वाचलं आणि पान संपल्यावर लक्षात आलं की एक अक्षर आत गेलेलं नाही. पुन्हा वाचलं. पुन्हा तेच. पालथ्या घड्यावर पाणी. तिला वाटलं, आज कंटाळा असेल. मग तो 'आज' संपेचना. तिने नवं टाइमटेबल केलं, चार रंगांच्या पेनांनी. ते इतकं सुरेख झालं की ते करण्यातच दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी तिने टाइमटेबलाकडे पाहिलं आणि तिला स्वतःची शिसारी आली.

आता तो मोबाइल. इंटरनेटवर असे व्हिडिओ असतात, ज्यांत कुठल्या तरी देशातली मुलगी तासन्‌तास नुसती अभ्यास करत बसलेली असते. बोलत नाही, हसत नाही, पानं उलटते, मध्ये पाणी पिते. आपण तिच्याबरोबर अभ्यासाला बसायचं, म्हणजे सोबत होते, अशी त्यामागची कल्पना. स्वरदाने सोबतीसाठीच लावला. पण झालं काय, की ती मुलगी अभ्यास करायची आणि ही तिला बघत बसायची! चार-चार तास. त्या मुलीने पेन्सिलीला टोक केलं की हिला बरं वाटायचं. तिने वही मिटली की ही व्हिडिओ पुन्हा पहिल्यापासून लावायची, कारण नाहीतर खोलीत कुणीच उरायचं नाही. आई दाराशी येऊन डोकवायची, पोरगी टेबलाशी बसलेली दिसायची, आई पावलं न वाजवता परत जायची.

तिला सांगावंसं वाटत नव्हतं असं नाही. पण सांगणार कुणाला? बाबा रोज संध्याकाळी फोन करायचे. इन्व्हर्टरमध्ये पाणी घातलं का, सिलिंडर कधी लावला, आणि मग "आमचा गडी काय म्हणतोय? कुठवर आलं फिजिक्स?" ही म्हणायची, "चल रहा है, बाबा." ते म्हणायचे, "शाब्बास," आणि तिकडच्या खानावळीतल्या आमटीबद्दल काहीतरी गमतीचं सांगायचे. ती हसायची. फोन ठेवल्यावर तिला आपल्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटायचं.

त्यात लोक गप्प बसतील तर शपथ. महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत एका काकूंनी पद्माचा हात हातात घेऊन चारचौघींत जाहीर केलं, "पद्मावहिनी, तुमच्या त्यागाला तोड नाही हो. पोरीसाठी नवऱ्यापासून इतकं लांब राहायचं म्हणजे!" सगळ्यांनी माना डोलावल्या. पद्मा खाली बघत प्रसादाचे द्रोण मांडत राहिली. जळगावची लताआत्या तर फोनवर आडपडदाच ठेवायची नाही. "माझा भाऊ तिकडे हालात राहतोय, तुझी आई इकडे एकटी. कशासाठी? तुझ्यासाठी. एवढं लक्षात ठेव म्हणजे झालं." स्वरदाच्या लक्षात राहायचंच. तेवढंच राहायचं, बाकी काही राहत नव्हतं. मला विचाराल तर असल्या आत्यांना परीक्षेच्या वर्षात फोनच देऊ नये.

ऑक्टोबरातल्या एका शनिवारी कोचिंगमध्ये चाचणी होती. स्वरदा आलमबागेपर्यंत गेली, कोचिंगच्या जिन्याच्या दोन पायऱ्या चढली आणि उतरली. मेट्रोने चारबाग, तिथून ई-रिक्षाने अमीनाबादचा बाजार. घ्यायचं काहीच नव्हतं. पण अमीनाबादेत गर्दी अशी की कुणाला कुणाकडे बघायला सवड नसते, आणि तिला तेच हवं होतं. एका ओढण्यांच्या दुकानासमोर ती उभी होती. "बिटिया, शादी किसकी है?" दुकानदाराने विचारलं. ती काहीतरी उत्तर देणार, इतक्यात समोरच्या कुल्फीच्या दुकानात तिला आई दिसली.

आई! जी सकाळी म्हणाली होती, "तू जा निवांत, मी आहे घरी." कोपऱ्यातल्या टेबलाशी एकटी बसली होती. समोर कुल्फी-फालुद्याची बशी, शेजारच्या खुर्चीवर पिशवी. चमचा तोंडात घालून डोळे मिटायची, जरा वेळाने उघडायची. स्वरदा लटकत्या ओढण्यांच्या मागे सरकली. तिला एकदम भडभडून आलं. माझ्या आईला बोलायला एक माणूस नाही, म्हणून ती बाजारात येऊन एकटी बसते. आणि हे सगळं माझ्या अभ्यासासाठी, जो मी करत नाही. तिने ओढणीलाच डोळे पुसले असते, पण दुकानदार बघत होता.

घरी आल्यावर तिने विचारलं, "कहीं गई थी क्या?"

"मी? छे गं," पद्मा म्हणाली. "कुठे जाणार मी?"

आई आपल्याला वाईट वाटू नये म्हणून लपवतेय, असं ती धरून चालली आणि तो दगडही तिने उरावर घेतला.

नोव्हेंबरात विश्वासराव तापाने पडले. आठ दिवस. "तुम्ही कुणी यायचं नाही, स्वराच्या अभ्यासात खंड नको," असं त्यांनीच निक्षून सांगितलं. फोनवर त्यांचा आवाज इतका बारीक झाला होता की "चल रहा है, बाबा," एवढंच म्हणून तिने फोन आईकडे दिला. ते बरे झाले, आणि त्याच आठवड्यात सहामाहीचा निकाल हातात पडला. पाच विषयांपैकी तीन विषयांत ती नापास होती. खाली 'पालकाची सही' अशी रेघ होती आणि सोमवारी तो कागद परत द्यायचा होता. आजवर त्या रेघेवर बाबांचीच सही असायची.

दोन दिवस कागद दप्तरात राहिला. रविवारी दुपारी तिने मनाचा हिय्या केला. पाठ करून ठेवलेलं सगळं भाषण घेऊन ती बाहेर आली. पद्मा जमिनीवर पेपर पसरून सोया-मेथी, म्हणजे शेपू आणि मेथी, निवडत होती. खिडकीतून ऊन आलं होतं. दोन खोल्यांतले दिवे उगाचच चालू होते.

"आई, मी अभ्यास करत नाहीये."

"आज नको करूस मग. रविवार आहे."

"आज नाही गं. ऑगस्टपासून. कुछ भी नहीं पढ़ा मैंने. कोचिंगला पण निम्मे दिवस जात नाही." तिने कागद आईसमोर ठेवला. "सोमवारी सही करून द्यायचाय."

पद्माचा हात थांबला. कागदाकडे तिने पाहिलं नाही, मुलीकडे पाहिलं. "बाबांना बोललीस?"

"नाही."

"बरं केलंस."

हे काय उत्तर झालं? स्वरदा जरा गोंधळली, पण भाषण तयार होतं, ते तिने रेटलं. "आपण बाबांकडे जाऊया, आई. मी वर्ष सोडते. तिकडे परत बारावी करेन, बाबा शिकवतील. ते तिकडे आजारी पडतात, तू इथे एकटी. मी तुला अमीनाबादला बघितलं. अकेले बैठकर कुल्फी खा रही थी. मला रडायला आलं गं."

पद्माचा चेहरा लालबुंद झाला. शाळा चुकवून पकडलेल्या पोरीचा व्हावा तसा. "तू बघितलंस?" आणि मग, "मी दर शनिवारी जाते."

"दर शनिवारी?"

"तू कोचिंगला गेलीस की. कुल्फी खाते, हिंडते, कधी एखादा कुर्ता घेते. कुणाला विचारावं लागत नाही." ती मेथीची काडी बोटांत फिरवत राहिली. "स्वरा, तिकडे नको जायला."

"का पण?"

"तुझे बाबा वाईट नाहीत. कुणी तसं म्हणायचं नाही. वीस वर्षांत कधी हात उगारला नाही, की शिवी दिली नाही. पण बाळा, रोज ताट वाढताना माझ्या छातीत धडधडायचं. रोज. आता काय म्हणतील, आता काय म्हणतील. जून सरला आणि ते थांबलं. मला कळलंसुद्धा नव्हतं की ते इतकी वर्षं होत होतं." तिने डोळे पुसले, पण ती दुःखी दिसत नव्हती. "मला हे घर मार्चपर्यंत मिळालंय."

 स्वरदा खाली बसली. "मग माझा अभ्यास?"

"नाही होत ना? नको करूस. मी एक अक्षर बोलणार नाही. पुस्तक नुसतं उघडून बस, तेही पुरे." पद्मा भराभर बोलायला लागली, इतक्या भराभर की तिचं तिलाच भान नव्हतं. "नापास झालीस तरी चालेल गं. झालीस तर पुन्हा बारावीच ना? पुन्हा तोच अर्ज करता येईल. अजून एक वर्ष—"

आणि तिने तोंडावर हात ठेवला. पण शब्द सुटला होता.

चार महिने स्वरदा एकाच वाक्यासाठी तहानलेली होती. कुणीतरी म्हणावं, नापास झालीस तरी चालेल. रोज झोपताना ती ते वाक्य कधी बाबांच्या, कधी आईच्या आवाजात ऐकून बघायची. आज ते खरोखर मिळालं, आणि ते तिच्यासाठी नव्हतंच. आई रागावली असती, दोन थोबाडीत दिल्या असत्या, तर ती रडून मोकळी झाली असती. आईचा राग तिला येत नव्हता, येऊ शकत नव्हता. आईचं खरं होतं. पण आपण पास व्हावं असं या घरात आता कुणालाच वाटत नाही, हे तिला लख्ख कळलं, आणि इतकं एकटं तिला व्हिडिओ संपल्यावरच्या त्या खोलीतही कधी वाटलं नव्हतं.

पद्माने हात पदराला पुसले. मुलीच्या केसांवरून हात फिरवला. "पेन दे," एवढंच म्हणाली. स्वरदाने दिलं. तिने कागद गुडघ्यावर घेतला, रेघ शोधली आणि सावकाश, शाळेतल्यासारखी गोल सही केली. पद्मा विश्वास नेवे.

"आई, मार्क्स तो देख लो एक बार."

पद्माने कागदाची घडी घालून तिच्या हातात दिली.

"असू दे गं," ती म्हणाली. "उद्या देऊन टाक शाळेत."