काळा निघालेला कवड्या

माझे अब्बा चंद्रपुरात पाट्या रंगवत. दुकानांच्या, दवाखान्यांच्या, ट्रकच्या मागच्या. मी कॉम्प्युटर शिकून घराच्या पुढच्या खोलीत डीटीपीचं दुकान टाकलं, तोवर त्यांचं काम कमी होत चाललं होतं. त्याला माझ्यासारखेच लोक कारणीभूत होते, हे आम्ही दोघंही जाणून होतो आणि बोलत नव्हतो. अब्बा घरात हिंदी बोलत, कामाच्या टेबलाशी मराठी. भांडणं टेबलाशी जास्त होत.

म्हणून सापांचं पोस्टर आलं तेव्हा मी खूश झाले. चला, एक काम तरी दोघांचं. एटापल्लीच्याही पुढे जंगलात एक लहानसा दवाखाना होता. तिथल्या डॉक्टरबाईंना पावसाळ्याआधी गावोगाव लावायला पोस्टर हवं होतं. वरच्या लाल पट्ट्यात विषारी साप, खालच्या हिरव्यात बिनविषारी. वाचता येणारे थोडे, त्यामुळे सगळी भिस्त चित्रांवर. बाईंनी एक गोष्ट पुन्हा पुन्हा बजावली होती. मण्यार आणि कवड्या यांत लोक फसतात. दोघांच्याही अंगावर पांढरे आडवे पट्टे. पण मण्यार काळा आणि जीव घेणारा, कवड्या तपकिरी आणि गरीब. मण्यार रात्री घरात शिरतो, जमिनीवर झोपलेल्याला चावतो आणि चावल्याचं कित्येकदा कळतही नाही.

अब्बांनी आठही साप हातानं रंगवले. मी ते स्कॅन केले, पडद्याच्या रंगांतून छपाईच्या चार रंगांत बदलले, फाइल बांधली. सीडी नागपूरच्या प्रेसला पाठवायची त्या सकाळी अब्बा पडद्यासमोर येऊन उभे राहिले.

"कवड्याचं डोकं बरोबर नाई दिसून राह्यलं. दुसरा काढून देतो."

"अब्बा, दुपारच्या बसनं सीडी जायची आहे."

"मंग काय गलत साप पाठवशीन?"

त्यांनी दोन तासांत नवा कवड्या काढला, आणि खरं सांगायचं तर पहिल्यापेक्षा फार सुरेख. मी तो स्कॅन करून जुन्याच्या जागी बसवला आणि धावतपळत बसस्टँडवर जाऊन कंडक्टरच्या हातात सीडी दिली. सात सापांचे रंग बदललेले होते. आठव्याचे बदलायचे राहून गेले. पडद्यावर तर तो तपकिरीच दिसत होता.

छपाईत चार रंगांच्या चार वेगळ्या फिल्मा निघतात, आणि चारही काळ्याच दिसतात. रंग न बदललेलं चित्र त्या वेळच्या मशीनवर फक्त काळ्या रंगाच्या फिल्मवर उमटायचं. नागपूरहून फिल्मा माझ्याकडे तपासायला आल्या. मी एकेक अक्षर वाचलं. बाकीच्या तीन फिल्मांवर कवड्याची जागा कोरी होती. ती माझ्या डोळ्यांपुढे होती आणि मला दिसली नाही. मी 'ठीक आहे' लिहून त्या परत पाठवल्या.

छापलेले गठ्ठे प्रेसनं परस्पर दवाखान्याकडे, आलापल्लीच्या बसमध्ये टाकले. माझ्याकडे दहा प्रती आल्या त्या तीन दिवसांनी. मी गुंडाळी उलगडली. हिरव्या पट्ट्यात, 'याला मारू नका' या ओळीच्या वर, पांढऱ्या पट्ट्यांचा काळाकुळकुळीत साप होता. तो कवड्या नव्हता, मण्यार होता.

प्रेसला फोन केला. "तुमी जसं देलं तसंच निघालं म्याडम," तिकडचा माणूस म्हणाला. खोटं बोलत नव्हता बिचारा, तरी मी त्याच्यावर ओरडले. दवाखान्यात फोन नव्हता. अब्बांनी पोस्टरकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलंही नाही. तपकिरी ऑइल पेंटचा डबा आणि चार ब्रश पिशवीत टाकले आणि म्हणाले, "चाल."

बसमध्ये सबंध वाट मी मनात एकच हिशेब मांडत होते, की पोस्टरं आजच पोचली असतील, अजून कोणी वाटली नसतील. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात पोचलो तेव्हा बाई म्हणाल्या, एक गठ्ठा परवाच गेला. आरोग्यसेविकेनं आठ गावांत पोस्टरं लावलीसुद्धा. मी चूक सांगितली. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त डोळे मिटले आणि सेविकेला हाक मारली.

व्हरांड्यात अब्बा उरलेल्या पोस्टरांतला एकेक कवड्या तपकिरी करत बसले, आणि मी सेविकेबरोबर गावं पालथी घालत निघाले. सात गावांतली पोस्टरं हाती आली. आठवं गाव नदीपलीकडे होतं. पाणी घोट्याएवढं होतं, आम्ही चालतच पलीकडे गेलो. पोस्टर एका झोपडीच्या कुडावर भाताच्या खळीनं चिकटवलेलं होतं. मी नखांनी ते खरवडायला लागले, तशी घरातली बाई कडेवर पोर घेऊन पुढे आली आणि माडियात काहीतरी बोलू लागली. बोलताना काळ्या सापावर बोट ठेवत होती, हसत होती.

सेविकेचा चेहरा उतरला. "ते म्हणते, असाच साप काल रात्री घरात निंगाला. नवरा मारून राह्यला होता. हिनं हात धरला त्याचा. डॉक्टरबाईच्या कागदावर आहे म्हणे, याले मारू नका. मंग सोडून देला."

"कुठे सोडला?"

बाईनं वर छपराकडे बोट दाखवलं.

आम्ही गवत उपसलं, मडकी हलवली, लाकडं बाहेर काढली. गावातले चार पुरुष काठ्या घेऊन आले. अंधार पडेपर्यंत साप सापडला नाही. मी सेविकेकरवी सांगितलं, खाली झोपू नका, खाटेवर झोपा. घरात सहा माणसं होती आणि खाट एक. त्या बाईनं मान डोलावली आणि मला पाणी दिलं. माझी चूक तिला समजली की नाही, मला माहीत नाही. मला तिच्याकडे बघवत नव्हतं.

दिवाळीच्या सुमारास डॉक्टरबाईंचं पत्र आलं. पोस्टरांचा चांगला उपयोग होतोय, असं लिहिलं होतं. शेवटी एक ओळ: 'नदीपलीकडच्या त्या गावातून पावसाळ्यात साप चावल्याचं कोणी आलं नाही.' मी ती अब्बांना वाचून दाखवली. मला वाटलं, त्यांचा जीव भांड्यात पडेल.

"आले नाई," अब्बा म्हणाले, "का येता नाई आलं?"

चार महिने नदी दुथडी वाहत होती. मी त्याच दिवशी पत्राचं उत्तर लिहिलं, आभार मानले, पुढच्या कामाचं विचारलं. तेवढं एक विचारलं नाही.