झोपताना घालायची पट्टी

मी झोपेत दात खायचे. लग्न होऊन सोलापुरात आले तेव्हा हे मला माहीतसुद्धा नव्हतं. झोपलेल्या माणसाला काय कळणार? सासूबाईंनी मात्र साऱ्या आळीला सांगून टाकलं. बायको झोपेत दात करकरवते म्हणजे नवऱ्याचं आयुष्य कमी होतं, असं त्यांचं ठाम मत. मग काय, कुणाकडून तरी ऐकून उंबऱ्यावरची माती झोपेत माझ्या तोंडात घालू लागल्या. सकाळी मी थुंकत बसायचे आणि मनात त्यांना काय काय म्हणायचे, ते लिहिण्यासारखं नाही.

चार-पाच वर्षांत पुढचे दात निम्मे झिजले, दाढा सपाट झाल्या. ज्वारीची भाकरी चावली की कानापर्यंत कळ जायची. आमटीत कुस्करून पार लगदा करून गिळायचे. सासूबाई म्हणाल्या, "मोडनिंबला धाडा हिला. मला एकच पोरगा आहे." मोडनिंब माझं माहेर. धाडलं की परत आणायचं नाही, हे मला चांगलं कळत होतं.

आमचे हे रेल्वेत कारकून. आईपुढे कधी ब्र न काढणारा माणूस, पण त्या दिवशी म्हणाले, "आधी डॉक्टरला दाखवू की."

दातांचे डॉक्टर म्हणाले, झिजलं ते परत यायचं नाही, उरलेलं वाचवू. गरम मेण चावायला लावून ठसा घेतला आणि कडक रबराची तांबडी पट्टी करून दिली. झोपताना खालच्या दातांवर बसवायची, म्हणजे दातावर दात घासत नाही. सुरुवातीला नुसती लाळ गळायची, उमासे यायचे. रडले मी. हे म्हणायचे, "अगं, थोडं सोस." सोसलं. हळूहळू कळ थांबली, करकरही थांबली. सासूबाई शेजारणीला सांगू लागल्या, "सून सुधारली हो!" मोडनिंबचं नाव निघेनासं झालं. भाकरीचा तुकडा पुन्हा चावता आला, तेव्हा इतका आनंद झाला की काय सांगू!

त्याच पावसाळ्यात ह्यांना विषमज्वर झाला. कामाला होटगीला जायचे, तिथलं पाणी बाधलं असं तापाचे डॉक्टर म्हणाले. औषधं झाली, डोक्यावर बर्फ ठेवला. गेले.

तेराव्याची माणसं पांगल्यावर सासूबाई माझ्यासमोर येऊन बसल्या. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. हळूच म्हणाल्या, "आधी निदान ऐकू तरी यायचं गं. कळलं असतं तर काहीतरी केलं असतं. पट्टी लावून तू आवाज न करता खाल्लंस त्याला."

हा शुद्ध अडाणीपणा आहे, हे मला कळत होतं. आणि तरी, हे गेले त्या दिवसापासून मी स्वतः मनात तेच घोकत बसले होते.