खिडकीखालचे ठसे

इथे आखातात, घुब्रातल्या दुकानात मासळीचा फ्रीजर उघडला, गार वाफ तोंडावर आली आणि रशियातलं ते गाव आठवलं. आम्ही नवरा-बायको तिथे मिशनचं काम करायचो. घरात धर्मप्रचाराला तिथे बंदी होती, तरी प्रार्थना आमच्याच खोलीत व्हायची. एका सकाळी ताज्या बर्फात बुटांचे ठसे आमच्या खिडकीपर्यंत आलेले दिसले. तिथला बर्फ तुडवून घट्ट झाला होता; कुणीतरी बराच वेळ उभं होतं. शेजारच्या आजी खराट्याने ते ठसे पुसत होत्या. “कोण होतं?” मी विचारलं. “विचारू नकोस, पोरी. आज प्रार्थनेत गाणी नकोत.” संध्याकाळी प्रार्थनेला एकट्या आजीच आल्या. मध्येच बाहेर बर्फ करकरला. आजींनी माझा हात घट्ट धरला आणि त्या मोठ्याने गायला लागल्या. आठवड्याभरात आम्हाला देश सोडावा लागला. आजींचा फोन लागत नाही. मी अजून लावून बघते.