पाचवी फ्लॉपी

बंगळूरला मी डिस्क सांभाळायचो. एका संस्थेच्या संगणक विभागात हवामानाची एवढी मोठी फाइल होती की कुठल्याच एका डिस्कमध्ये ती मावत नसे. म्हणून तिचे तुकडे आठ डिस्कवर वाटायचे: पहिला पहिलीवर, दुसरा दुसरीवर, आठवा झाला की पुन्हा पहिलीवर. वाचताना आठही एकदम चालत, काम झटपट होई. एक जरी बिघडली तरी सगळी फाइल बाद, म्हणून नववी डिस्क जादा असे. गेलेले तुकडे तिच्या मदतीने परत काढता येत. या व्यवस्थेचा मला भारी अभिमान होता.

अप्पा तेव्हा कुंभकोणमहून पत्र लिहीत नसत. पिढ्यानपिढ्या तमिळ मुलखात राहिलेलं आमचं मराठी फक्त घरात बोलायचं. देवनागरी त्यांच्या हाताला वळलीच नव्हती, आणि मुलाला तमिळमध्ये लिहिणं त्यांना परकं वाटे. ते कॅसेट भरून पाठवायचे. मी घाईत एकदा ऐकायचो आणि तिच्यावर गाणी भरायचो. ते गेले तेव्हा त्यांच्या आवाजाची एकच कॅसेट उरली होती, दहा मिनिटांची. मला अजून लाज वाटते.

अम्मा एकटी पडली म्हणून नोकरी सोडून घरी आलो आणि एका क्लासमध्ये संगणक शिकवू लागलो. तिथल्या मशीनला साउंड कार्ड बसल्यावर कॅसेट त्यात उतरवली. उतरवून झाली आणि प्लेअरने टेपच खाल्ली. हार्डडिस्क क्लासची, मुलांच्या कामाने तुडुंब. एका फ्लॉपीत जेमतेम अडीच मिनिटं मावत होती, म्हणजे चार लागणार. सरळ एक भरून दुसरी घ्यावी की नाही? पण मी पडलो बंगळूरचा शहाणा. सेकंदासेकंदाचे तुकडे करून चौघींवर वाटले. ड्राइव्ह एकच, वेग वाढणार डोंबल! आणि पाचवी, जादाची? राहू दे म्हटलं.

आयुधपूजेला हत्यारं, वह्या-पुस्तकं देवापुढे मांडायची आणि दुसऱ्या दिवसापर्यंत कुणी हात लावायचा नाही. मी त्या चार फ्लॉप्याही मांडल्या आणि क्लासच्या पूजेला गेलो. सकाळी पाहतो तर अम्माने वरची फ्लॉपी कागदी पाकिटातून काढून तिच्या उघड्या खिडकीत ठसठशीत गंध लावलं होतं, वर कुंकू. त्याच खिडकीतून फ्लॉपी वाचली जाते. गंध वाळून घट्ट झालं होतं.

मी ओरडलो, "अप्पांचा आवाज होता त्यांत! अक्कल आहे का?"

"मला कसें कळणार रे? तूंच पूजेला मांडलास," ती म्हणाली. "पाकिटासकट कशी पुजूं?"

ती फ्लॉपी वाचली गेलीच नाही. गेलेल्या तुकड्यांच्या जागी शांतता भरून उरलेल्या तीन जोडल्या. दर तीन सेकंदांनी एक सेकंद अप्पा गायब. ओळीने भरल्या असत्या तर साडेसात मिनिटं तरी धड मिळाली असती.

रविवारी अम्माला क्लासमध्ये नेऊन ऐकवलं. अप्पा म्हणाले, "कावेरीला पाणी", आणि आवाज थांबला.

"आलें," अम्मा म्हणाली.

पुढच्या खड्ड्यातही ती बोलली, त्याच्या पुढच्याही. कॅसेट भरताना ती अप्पांच्या शेजारीच बसलेली असायची. मला माफी मागायची होती. मी नुसतं पुन्हा पहिल्यापासून लावलं.

दोन वर्षांत अम्माही गेली. आता दूधवाल्यापासून विद्यार्थ्यांपर्यंत सगळ्यांशी तमिळ, आणि घरात बोलायला कुणी नाही. रविवारी क्लास रिकामा असतो तेव्हा मी ते लावतो आणि खड्ड्यांमध्ये अम्माचे शब्द म्हणतो. आठवडाभरातलं माझं मराठी तेवढंच.

अगदी शेवटी अप्पा विचारतात, "जेवलास", आणि आवाज थांबतो.

"कीं नाहीं?" मी म्हणतो. मग उत्तरही मलाच द्यावं लागतं.