सेराफिनाच्या लुगड्याचा लाल

यव्होनच्या आयला, सेराफिनाला, तिच्या लग्नाच्या लाल लुगड्यातच पुरलं. गावठाणातल्या जुन्या बायकांची ती रीतच, आणि सेराफिनाने तर वर्षभर आधी बजावून ठेवलेलं, "मला गाऊन-बिऊन घालाल तर उठून बसेन हां." लुगडं आयबरोबर गेलं. मागे राहिले फोनमधले फोटो. त्यांत ते लाल कधी आलंच नाही. प्रत्येक फोटोत गुलाबी, बर्फाच्या गोळ्यासारखं.

खरं लाल आता एकाच ठिकाणी उरलं होतं. यव्होन अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका छोट्या कंपनीत मोबाइल गेमचं कोड लिहायची. सहा वर्षांपूर्वी तिचा धाकटा भाऊ ग्लेनरॉय तिथेच चित्रं करायचा. एका गेममध्ये त्याने गावठाण उभं केलं आणि दोरीवर आयचं लुगडं वाळत घातलं. खरं लुगडं मांडीवर घेऊन, खिडकीशी बसून त्याने स्क्रीनवर रंग जुळवला होता. आय म्हणाली, "लुगडं आहे की पेशंट रे? किती तपासशील?" पुढे ग्लेनरॉय कॅनडाला गेला. रंग कोडमध्ये राहिला, सहा अक्षरांचा: 9E1B32.

आता तो जुना गेम नव्या इंजिनात, म्हणजे गेम चालवणाऱ्या नव्या सॉफ्टवेअरमध्ये, हलवायचा होता. नव्या इंजिनाला सहा अक्षरं कळत नव्हती. लाल, हिरवा, निळा वेगवेगळे सांगा, आणि प्रत्येक शून्य ते एकच्या मध्ये, असा त्याचा हट्ट. असे चारशे रंग. यव्होनने शाळेतलं त्रैराशिक मांडलं. पूर्ण लाल म्हणजे २५५, लुगड्याच्या पहिल्या दोन अक्षरांचे, 9E चे, १५८, भागलं की ०.६२. सगळे रंग बदलणारी स्क्रिप्ट चालवली, दृश्य उघडलं. लुगडं गुलाबी. अगदी फोटोतल्यासारखं. सगळ्या गावठाणावरच कुणी पीठ भुरभुरल्यागत.

तिचा वरिष्ठ मार्तंड खुर्ची सरकवत आला. "यव्होन, वाट लागली ना सगळ्याची. जुने रंग सोड. माझे नवे तयार आहेत, सात वाजता टाकतो."

"भागाकार बरोबर आहे रे माझा."

"भागाकाराची पूजा घालू? दिसतंय कसं ते बघ."

"सातपर्यंत थांब ना."

"थांबतो. पण सात म्हणजे सात हां."

तिने तीनदा तपासलं. चूक कुठेच नव्हती, आणि आय मात्र पुन्हा एकदा हातातून निसटत होती. साडेसहाला ती उठली आणि ऑफिसच्या गल्लीच्या तोंडाशी असलेल्या क्रुसापाशी गेली. नोव्हेंबर, मेलेल्यांच्या आत्म्यांचा महिना. आयच्या नावाने रोज एक मेणबत्ती लावायचा तिचा नेम होता. त्या बाजूचा रस्त्याचा दिवा बंद, मिट्ट काळोख. तिने एक मेणबत्ती पेटवली. दगडावरची अक्षरं दिसली, झेंडूची माळ दिसली, स्वतःची बोटं दिसली. मग मन भरेना म्हणून सगळं पुडकंच लावलं. दहा झाल्या. उजेड वाढला, पण डोळ्याला दहापट कुठला वाटायला!

लहानपणी क्रुसापुढे लदीनीची प्रार्थना चालायची त्या वेळी ती असंच करायची, तेव्हा आय काड्यापेटी हिसकावून घ्यायची. "एकीनं दिसलं तेवढंच दहांनी दिसतं गं. मेण कशाला जाळतेस?"

यव्होनचा हात तिथेच थांबला. डोळ्याला थोडाच उजेड पुष्कळ वाटतो! ग्लेनरॉयचा आकडा डोळ्याला दिसतं त्याचा होता. नवं इंजिन खरा उजेड किती, ते विचारत होतं. बासष्ट टक्के दिसायला उजेड चौतीसच टक्के पुरतो. ती सरळ भागून मोकळी झाली होती आणि लुगड्यावर जवळजवळ दुप्पट उजेड ओतत होती.

तिने घाईने क्रुसाची खूण केली आणि अक्षरशः पळाली.

ऑफिसात भागाकाराच्या खाली तिने दिसण्याचा आकडा खऱ्या उजेडात बदलणारी एक ओळ वाढवली. ०.६२ च्या जागी ०.३४ आले. सातला पाच मिनिटं असताना दृश्य उघडलं. मार्तंड मागे येऊन उभा राहिला आणि वाकून स्क्रीन बघू लागला. मग म्हणाला, "राहू दे हे. माझे नाही टाकत."

दोरीवर लुगडं होतं. गर्द, आतून काळसर लाल. आय चर्चात मिसाला नेसून निघायची तेव्हा दारातून दिसायचं तसंच. यव्होनने पदराच्या टोकाला बोट लावलं. काच गार लागली.

ग्लेनरॉयला पाठवावं म्हणून तिने स्क्रीनचा फोटो काढला. फोटोत पुन्हा गुलाबी. तिने तो पुसून टाकला आणि नुसती सहा अक्षरं पाठवली.

तिकडे सकाळ होती. लगेच उत्तर आलं. "आयचं? जमलं?"

"जमलं."

थोड्या वेळाने फोन पुन्हा वाजला. "मी वारा घातला होता बघ त्यात. आहे?"

यव्होनने मान वर केली.

"आहे रे," तिने लिहिलं. "हलतंय."