उद्घाटनाच्या आठवड्यातला लाल रंग

साहेबांनी आमच्या सॉफ्टवेअरचं उद्घाटन करताना ‘नकाशा’ हे बटण दाबलं आणि प्रोग्राम जागीच कोसळला. पडद्यावर एकच ओळ उरली: अमुक नावाचं फंक्शन, म्हणजे नेमून दिलेलं काम करणारा कोडचा तुकडा, सापडत नाही. ते दुसऱ्या लायब्ररीत, म्हणजे तयार कोडच्या संचात, असेल असं आम्ही गृहीत धरलं होतं.

नकाशाचं काम अनघाने सहा महिने खपून केलं होतं. साहेब तिला म्हणाले, "पुन्हा कधीतरी बघू." आमच्या कचेरीत याचा अर्थ ‘कधीच नाही’ असा होतो.

आपल्याकडे निमंत्रणपत्रिकाही अशाच छापतात. हार, नारळ, खुर्ची, सगळं तयार असतं; माइकवर नाव पुकारल्यावर कळतं की अध्यक्षांना कुणी विचारलंच नव्हतं.

खरं तर प्रोग्रामचे सगळे भाग जोडतानाच प्रत्येक फंक्शनचं नाव शोधून पाहणारी, न सापडल्यास पडदा लाल करून काम तिथेच अडवणारी सोय आमच्याकडे होती. ती कुणी बंद केली, असं मी भाग जोडायचं काम बघणाऱ्या संदीपला विचारलं.

"मीच. सारखं लाल दाखवत होतं हो! उद्घाटनाच्या आठवड्यात बरं दिसतं का ते?"

अनघाने ती सोय पुन्हा चालू केली. पडदा लाल झाला. एक नव्हे, चार नावं सापडत नव्हती.

"बिचारी बंद करेपर्यंत हेच सांगत होती," ती म्हणाली.

दारावरचं झेंडूचं तोरण अजून ताजं होतं.